आधी एक बाम द्या, भाऊ

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपलेली वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : बामची डबी. आता मोताळ्याच्या आणि आसपासच्या लोकांचं डोकं काही जगावेगळं दुखत नाही. त्यातल्या निम्म्या डब्यांचं तर झाकणही उघडलं गेलं नसेल. त्या घेतल्या जायच्या, कारण बाम मागितल्याशिवाय पुढची वस्तू मागायची छाती होत नव्हती.

हे मेडिकल दुकानाच्या आतल्या बाजूला उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. समजा बाजाराचा दिवस आहे, दुकानात गर्दी आहे. एक माणूस येतो आणि काउंटरच्या अगदी कोपऱ्याला उभा राहतो. मी विचारलं, "काय पायजे?" तर म्हणतो, "यांचं होऊ द्या आधी." मग तो बाहेरच्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहतो. उतरतो, परत चढतो. काही न खाता-पिता माणसाचं वजन इतक्यात किती बदलणार! पण तो चढतो. दुकान रिकामं झालं की येऊन म्हणतो, "भाऊ, एक बाम द्या." मी देतो. माणूस हलत नाही. मग खिशातून इवलीशी घडी केलेली चिठ्ठी निघते. "हे एक शेजाऱ्याची चिठ्ठी होती. मी येऊनच राह्यलो होतो बाजारात, तं त्यानं सांगतलं."

माझ्या सगळ्या दुकानदारीत मनाच्या आजाराचा पेशंट म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस क्वचितच भेटला. त्यांचे शेजारी मात्र रग्गड भेटले. इतके उपकारी शेजारी बुलढाणा जिल्ह्यात आहेत, हे पाहून ऊर भरून यावा.

याच काउंटरवर शुगरवाला येतो तेव्हा काय थाट असतो! चारचौघांत छाती काढून सांगतो, "मले तं साडेपाचशे निंघाली होती, डॉक्टर बी घाबरला." बीपीवाले एकमेकांचे आकडे विचारतात, मूतखडेवाले खडा किती मोठा होता ते बोटाच्या पेरावर दाखवतात. आणि ज्याची झोप उडालीय, ज्याला जीव नकोसा झालाय, ज्याच्या कानात कोणी नसताना कोणी बोलतंय, तो बिचारा वजनकाट्यावर उभा.

लोकांना वाटतं मेडिकलवाल्याचं काम म्हणजे फळीवरून काढायचं आणि पुढे सरकवायचं. तेवढंच असतं तर माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते. डॉक्टरचं अक्षर लावायचं, गोळी जेवणाआधी की नंतर ते समोरच्याच्या डोक्यात बसवायचं, मुदत संपत आलेला माल वेळेवर परत करायचा. काही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, मग समोरचा सख्खा साडू का असेना. या मनाच्या गोळ्या त्यातल्याच. त्या माझ्याकडे खालच्या खणात असत. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे तोंड बंद ठेवायचं. गावातल्या कोणाला काय झालंय हे मला त्यांच्या बायकोच्या आधी कळायचं, आणि बायको समोर आली की मी नुसता पावसापाण्याच्या गोष्टी करायचो.

लपवायच्या तऱ्हा तरी किती! कोणी पाकिटावरचं नाव नखानं खरवडून काढायचा. कोणी म्हणायचं, कात्रीनं एकेक गोळी कापून द्या. एक गुरुजी होते, ते शेवेची रिकामी पिशवी घरून घेऊन यायचे. तिच्यात गोळ्या घालायचे, वरून तोंड दुमडायचे आणि शेव घेतल्यासारखे निघायचे. धामणगाव बढ्याचे लोक तर हमखास माझ्याकडे मोताळ्याला यायचे आणि मोताळ्याचे धामणगावला जायचे, म्हणजे गावातलं कोणी पाहायला नको. धामणगावचा दुकानदार माझा जुना मित्र. आम्ही फोनवर हसायचो. तो म्हणायचा, "तुमचे लोक मी सांभाळून राह्यलो, माझे तुमी सांभाळा." हसत होतो खरे, पण एसटीतून जाणारे-येणारे हे लोक समोरासमोरच्या गाड्यांतून एकमेकांना ओलांडून जातात, हे मनात आलं की हसू जरा कमी व्हायचं.

या सगळ्यांत मला एका घराची गोष्ट सांगायची आहे. ज्यांची आहे त्यांना मी विचारलं. बाई म्हणाल्या, "लिहा ना बाप्पा, मी काय आता लाजतो का!" तरी नावं मी बदलली आहेत, आणि गावाचं नाव धामणगाव बढ्याकडचं एक गाव, एवढंच सांगेन.

कौसाबाई माझ्याकडे बाजाराच्या दिवशी यायच्या. हातात भाजीची पिशवी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. बाजारात वांगीवाल्याशी भांडताना तो आवाज माझ्या दुकानापर्यंत यायचा आणि माझ्या काउंटरला लागला की एकदम खाली उतरायचा. आधी बाम. मग शेजारणीची चिठ्ठी. शेजारीण फार आजारी होती म्हणे, गावाबाहेर पडत नव्हती. मी गोळ्या वर्तमानपत्रात बांधून द्यायचो, बाई त्या मेथीच्या जुडीखाली घालायच्या. अशी किती वर्षं गेली. पुढे एकदा चिठ्ठीवर डॉक्टरनं वजन कमी करायचा सल्ला लिहिला होता. तो मी वाचून दाखवला तर बाई फणकारल्या, "मी काय लय जाडी हावो का?" आणि जीभ चावली. मी पावसाचं काहीतरी बोललो.

दुसरं गिऱ्हाईक तोताराम. हा थेट दुसरबीडचा. दुसरबीड कुठं, मोताळा कुठं! अख्खा जिल्हा ओलांडून हा गडी यायचा. त्याची मुलगी वर्षा कॉलेजात असताना आजारी पडली होती. झोप गेली, जेवण गेलं, आपल्यावर कोणी पाळत ठेवतंय असं तिला वाटायला लागलं. उपचार झाले, पोरगी बरी झाली, परीक्षा पास झाली, लग्न झालं. डॉक्टरनं सांगितलं होतं की गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. सासरी मात्र काही सांगितलेलं नव्हतं. लेकीला भेटायला जाताना तोताराम वाटेत मोताळ्याला उतरायचा, माझ्याकडून तिच्या गोळ्या घ्यायचा आणि पुढे जायचा. सासरचं गाव कोणतं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानं एक युक्ती काढली होती. हाडांच्या ताकदीच्या गोळ्यांची बाटली माझ्याकडूनच विकत घ्यायची, त्या गोळ्या सदऱ्याच्या खिशात ओतायच्या आणि बाटलीत वर्षाच्या गोळ्या भरायच्या. खिशातल्या गोळ्या तो स्वतः एसटीत बसून चघळायचा. वाया कशाला घालवायच्या!

मी त्याला बजावलं होतं, "तोतारामभाऊ, हे बरं नाई. ज्याचं औषध त्याच्याच पाकिटात पायजे. घरात कोनी भलतं उचललं म्हंजे?"

तो म्हणाला, "भाऊ, पाकिटावरलं नाव आजकाल कुनीबी मोबाइलात टाकतंय आन सगळं बाहेर येतंय. डागदर म्हनतो गोळ्या बंद करू नका, जग म्हनतं दावू नका. म्या कसं करावं, तुमीच सांगा."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावून त्याच्या हातात दिली. आणि जे व्हायचं ते झालंच.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. वर्षाच्या सासरी खळ्यावर मळणीयंत्र आलेलं. सासरे, म्हणजे बापू, गुडघ्यांनी हैराण. घरात फळीवर त्यांना ती बाटली दिसली. हाडांची ताकद असं वरच लिहिलेलं. "सुनंच्याच हाडाले ताकद पायजे का? आमचे हाडं काय लाकडाचे हायेत?" असं म्हणून त्यांनी चहाबरोबर दोन गोळ्या टाकल्या तोंडात आणि गेले खळ्यावर. थोड्या वेळानं सुडीला, म्हणजे रचलेल्या सोयाबीनच्या ढिगाला, टेकले ते टेकलेच. मशीन धडधडतंय, भुसा उडतोय, मजूर हाका मारताहेत आणि बापू ढिम्म. कोणी म्हणालं साप चावला, कोणी म्हणालं अटॅक आला. टेम्पोत घालून धामणगावच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं छाती तपासायला नळी लावली तर बापू घोरत होते! रात्रभर डॉक्टरनं त्यांना नजरेसमोर ठेवलं, पण काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सोयाबीन किती झाली?"

हसण्यासारखी गोष्ट होती, पण कोणी हसलं नाही. डॉक्टरनं विचारलं होतं, यांनी झोपेचं काय खाल्लं? बाटली पुढे आली. आणि वर्षानं, कोणी आडून विचारायच्या आत, सरळ सांगून टाकलं, "त्या माझ्या गोळ्या आहेत." त्या पोरीच्या जागी मी असतो तर माझ्याच्यानं झालं नसतं.

बाटलीवर माझ्या दुकानाचं स्टिकर होतं. तिसऱ्या दिवशी वर्षाचा नवरा गजानन मोटरसायकल घेऊन माझ्या दारात. पोराचं तोंड उतरलेलं. "काका, चाला. बाबा म्हनतेत मेडिकलवाल्याच्या तोंडून आयकू, मंग काय ते ठरवू."

"काय ठरवतेत?"

"फारकत," तो म्हणाला आणि त्यानं मोटरसायकल वळवून धरली.

मी गेलो. सगळ्या गावात माझ्या बाटलीतून विष निघालं अशी बोंब उठली होती, जाणं भागच होतं. ओसरीवर भावकीतले लोक बसलेले. एका खांबाशी तोताराम, दुसरबीडहून मिळेल ती गाडी धरून आलेला, टोपी हातात. दाराशी वर्षा, कडेवर लहानगी मुलगी, आणि पायाशी भरलेली बॅग. म्हणजे निकाल आधीच लागला होता, मला नुसता शिक्का मारायला बोलावलं होतं. भावकीतला एकजण म्हणतही होता, की पोरगी इथंच राहील, आई तेवढी जाईल. ते ऐकून वर्षानं लेकीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन बाई आल्या. मी कप उचलायला वर पाहिलं आणि माझा हात तिथंच थांबला. कौसाबाई! तेच मोठं कुंकू. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. म्हणजे ही यांची सून, आणि बापू यांचे मालक. एकाच घरातल्या दोघींच्या गोळ्या, एकमेकींपासून लपवून, लांबचं दुकान म्हणून माझ्याकडूनच जात होत्या. एकीच्या मेथीखाली, एकीच्या बाटलीत. अरे देवा, म्हटलं, आता काय करू?

"सांगा भाऊ," बापूंनी बाटली माझ्यापुढे आपटली. "हे येड्याच्या गोळ्या हायेत का नाई?"

"मेंदूच्या आजाराच्या हायेत. तुमची जशी बीपीची गोळी, तशीच हे."

"बीपीचं वायलं. बीपीनं मानूस येडं होत नाई."

"तुमी बीपीची गोळी बंद केली तं काय होईल?"

"काय होईल? मरन मी."

"मंग ती आपली गोळी बंद न करता नीट राह्यली, तं तिचा काय गुन्हा?"

भावकीत एकदोघांनी माना हलवल्या. बापू चिडले. "मले शब्दात नका गुतवू. एकच सांगा. असल्या गोळ्या खानारी बाई घर चालवू शकते का? सैपाक, लेकरं, वावर, पाहुना-राऊळा? एक बाई दाखवा मले. फक्त एक!"

ती एक बाई त्यांच्या मागे ट्रे घेऊन उभी होती. माझ्या तोंडाशी नाव आलेलं. एका शब्दात त्या पोरीचा संसार वाचत होता, आणि तो शब्द माझा नव्हता. दुकानात इतकी वर्षं गप्प बसायची सवय, पण असं गप्प बसणं कधी वाट्याला आलं नव्हतं. मी जमिनीकडे पाहून म्हणालो, "दाखोता येनार नाई."

"पाहा!" बापू भावकीकडे वळले. "नाई ना एकबी?"

"हायेत. लय हायेत. पन माह्या दुकानातलं नाव दुकानाबाहेर जात नाई. समजा, उद्या तुमच्या मूळव्याधीच्या मलमाचं मी चौकात सांगतलं तं तुमाले चालन का?"

भावकी खो खो हसली. मी 'समजा' म्हणालो होतो हो! पण 'समजा' कोणी ऐकतच नाही. बापू लालबुंद झाले. त्यांनी बॅगेकडे बोट केलं. "ते काई नाई. तोताराम, पोरगी घेऊन जा तुही. फसोलं तू आमाले."

तोताराम खांबापासून उठला. वाकला आणि हातातली टोपी बापूंच्या पायावर ठेवायला गेला. वर्षा एकदम ओरडली, "बाबा! टोपी घाला डोक्यावर!" तो तसाच अर्धवट वाकलेला थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला.

कौसाबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, गेल्या बिचाऱ्या, नाही पाहवलं. त्यांना दोष द्यायचा विचारही मनात आला नाही. मग आतून डब्यांचा आवाज आला आणि बाई मोहरीचा डबा घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी डब्यात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट वर काढलं. मोहरी ओसरीभर सांडली.

"एक बाई पायजे होती ना तुमाले?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. बाजारातला आवाज होता तो. "हे घ्या. मी हावो."

पाकीट तसंच धरून त्या नवऱ्यासमोर आल्या.

"गजाननाच्या पाठीवरची पोरगी गेली, तवा मी हिरीपाशी जाऊन बसत होती. आठोते का? तुमाले वाटलं बाहेरचं हाये. बाबा आनला, कोंबडं कापलं, लिंबं टाकले. अजून चार लोकांत सांगता, का त्या बाबाच्या गुनानं बायको सुधरली म्हून. नाई सुधरली मी कोंबड्यानं! माह्या भावानं मले माहेरच्या नावानं नेलं अन् बुलढान्याच्या डॉक्टरले दाखोलं. तवापासून हे गोळी खाऊन राह्यली मी. गजाननाले कोनं वाढोलं? तुमच्या मायचं आखरीचं हागनंमुतनं कोनं काढलं? तुमच्या ह्या भावकीच्या पंगतीले भाकरी कोनं थापल्या? येड्याच्या गोळ्या खानारीनंच ना? मंग आता मलेबी धाडा. पन कोठी धाडता? माहा भाऊ तं मेला."

बापू पाहतच राहिले. माणूस वाईट नव्हता तो, मी पुढे त्यांना चांगला ओळखू लागलो. घाबरलेला होता. मग म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं," कौसाबाई म्हणाल्या, "तं हिच्यासोबत आज जे करून राह्यले, तेच माह्यासोबत केलं असतं तुमी."

बापू खाली बसले आणि सांडलेली मोहरी हातानं गोळा करायला लागले. एवढा मोठा माणूस, भावकीसमोर, दाणे वेचतोय. कोणी त्यांना थांबवलं नाही. गजानन उठला, त्यानं दारातली बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. वर्षा मघापासून रडली नव्हती, ती आता सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तोतारामनं टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. मग बापू खालूनच म्हणाले, "अवो, चहा थंडा झाला. दुसरा मांडा." माझ्या जन्मात तितका चांगला चहा मी प्यालो नाही.

पुढच्या बाजाराला दोघी मिळून आल्या. दुकान गच्च भरलेलं. कौसाबाईंनी कोपरा धरला नाही, वजनकाट्यावर चढल्या नाहीत. सरळ पुढे येऊन म्हणाल्या, "भाऊ, दोघीच्या गोळ्या द्या. सासूच्याबी अन् सुनंच्याबी." सवयीनं माझा हात वर्तमानपत्राकडे गेला. "कागद कायले?" बाई म्हणाल्या. "आमी का चोरी केली?" मग पिशवीतून त्यांनी एक गाठोडं काढून काउंटरवर ओतलं. बामच्या डब्या! इतक्या वर्षांच्या, सगळ्या न उघडलेल्या. "हे वापस घ्या. घरात ठेवाले जागा नाई." निम्म्यांची मुदत कधीच संपलेली. मी म्हणालो, कंपनी परत घेत नाही. तर बाईंनी मुदतीतल्या तिथल्या तिथे गिऱ्हाइकांना वाटून टाकल्या. माझा धंदा बसवला त्या दिवशी!

वर्षा मागे उभी राहून पदरात हसत होती. आणि वजनकाट्यावर एक माणूस उभा होता, तो सगळं पाहत होता. दोघी गेल्यावर तो आला. "भाऊ, एक..." म्हणाला, थांबला, आणि बाम न मागता चिठ्ठी पुढे केली. शेजाऱ्याचीच होती, पण बामाशिवाय. मी म्हटलं, चला, काहीतरी हललं.

सगळेच हलले असं नाही. ते शेवेच्या पिशवीवाले गुरुजी. त्यांच्या मुलीचं लग्न जमलं, आणि पाहुण्यांना कळेल या धास्तीनं त्यांनी गोळ्या बंद केल्या. मला कळलं तेव्हा त्यांना परत दवाखान्यात भरती केलेलं होतं. लग्न झालं, पण गुरुजींना मांडवात उभं राहता आलं नाही. त्यांच्या रिकाम्या पिशवीवरचं शेवभांडाराचं नाव मला अजून आठवतं, आणि वाईट वाटतं. कौसाबाईंसारखं कोणी त्यांच्या घरात असतं तर बरं झालं असतं.

आता दुकान माझा मुलगा प्रशांत पाहतो. त्याच्याकडे चिठ्ठ्या पुष्कळदा उघड्याच येतात. तरुण पोरं तर फोनवरचा फोटो दाखवतात आणि मोठ्यानं विचारतात, काका, ही रात्रीची ना? मला भरून येतं. काउंटरच्या आत उभा राहून मी लोकांना औषधं दिली, पण धीट व्हायचं कसं ते मला काउंटरच्या बाहेरच्यांनी दाखवलं. त्यांचं देणं माझ्यावर आहे. दिवाळी अंकाच्या निमित्तानं ते जाहीरपणे मान्य करावं म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

पण खरं सांगायचं तर आणखी एक कारण आहे.

माझी बायको गेली आणि मी हळूहळू बसत गेलो. सकाळी उठायची इच्छा होईना. जेवण मातीसारखं लागायला लागलं. पोराला वाटलं दुःख आहे, ओसरेल. मला मात्र खूण पटत होती, आयुष्यभर हीच लक्षणं लोकांच्या तोंडून ऐकलेली. गुपचूप बुलढाण्याला गेलो. डॉक्टरनं तपासलं, विचारपूस केली, गोळी लिहून दिली. माझ्याच दुकानाच्या खालच्या खणातली गोळी! मी स्टँडवर आलो आणि विचार काय केला असेल? धामणगाव बढ्याच्या गाडीची चौकशी केली. तिथला मित्र देईल कागदात बांधून, पोराला कशाला कळायला पाहिजे?

गाडीला वेळ होता, तेवढ्यात मोताळ्याची लागली आणि मी तीत बसलो; मोहरीचा तो डबा डोळ्यांपुढून हलत नव्हता. कसाबसा मोताळ्याला उतरलो आणि दुकानाशी आलो. बाजाराचा दिवस, गर्दी. जन्मात पहिल्यांदा मी माझ्याच काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो, आणि कोपऱ्याला. वजनकाट्यावरही चढलो, खोटं कशाला सांगू. गर्दी जरा पांगली तसा पुढे झालो.

"प्रशांत, एक बामची डबी दे रे."

त्यानं चमकून पाहिलं आणि डबी ठेवली. मी तिथंच उभा. माझा हात खिशात, खिशातली घडी बोटांत.

"भाऊ, डोकं दुखून राह्यलं का?" शेजारून आवाज आला. कौसाबाई. आता पार म्हाताऱ्या झाल्यात, केस पांढरेफेक, सोबत वर्षाची मुलगी, शाळेच्या गणवेशात. कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

"हाव, जरासं," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खिशाकडे पाहिलं. आणि त्यांच्या त्या बाजारातल्या आवाजात, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "अन् चिठ्ठी कोनाची हाये, भाऊ? शेजाऱ्याची का?"

मला हसू फुटलं. किती दिवसांनी हसलो मी, पोटातून, डोळ्यांत पाणी येईतो. त्याही हसत होत्या. प्रशांत एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होता. मी खिशातून चिठ्ठी काढली, तिची घडी उलगडली, तळहातानं सपाट करून काउंटरवर त्याच्यापुढे ठेवली.

"माझी आहे," मी म्हणालो. "बाम राहू दे."